दाब बरोबर, पाणी कमी

प्रेशरदादांच्या पोटातलं पाणी हलत नाही, अशी त्यांची कामावर ख्याती होती. बावीस वर्षं त्यांनी एका मोठ्या लाँड्रीचा बॉयलर सांभाळला. शहरातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येत, आणि त्या वाळवायला, त्यांना कडक इस्त्री करायला लागणारी सगळी वाफ दादांच्या खोलीतून जाई. वाफ कमी पडली की इस्त्रीखात्यातल्या बायका ओरडत, मुकादम धावत येई, मॅनेजरचा फोन वाजे. दादा मात्र लोखंडी खुर्चीवर बसून समोरच्या दाबाच्या काट्याकडे बघत "होईल, होईल" म्हणत. आणि व्हायचं. त्यामुळे आपण म्हणतो म्हणूनच होतं, असा त्यांचा समज झाला होता. बावीस वर्षांत असे समज घट्ट बसतात, पाइपात क्षार बसतात तसे.

लाँड्रीत सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून त्यांची बायको ती वहिनी. आपणही वहिनीच म्हणू. वहिनी पदवीधर होत्या, घर सांभाळत होत्या, आणि बॉयलर त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता. पण तो त्यांना तोंडपाठ होता, कारण लग्नानंतर नवरा त्यांच्याशी दुसरं काही फारसं बोललाच नव्हता. नव्या नवरीला लोक गजरा आणतात, सिनेमाला नेतात. दादांनी पहिल्याच आठवड्यात जेवताना ताटात बोटाने बॉयलर काढून दाखवला होता.

"हे बघ, ही डाव्या बाजूची काच, ही उजव्या बाजूची. दोन्हीत पाणी दिसतं. आत किती पाणी आहे ते बाहेरून कळायला."

"दोन कशाला? एक पुरत नाही?"

"एक खोटं बोलू शकते! कचरा अडकला की आत पाणी संपलं तरी काच आपली भरलेलीच दाखवते. म्हणून एका काचेवर कधी विश्वास ठेवायचा नाही."

वहिनींनी तेव्हा मान डोलावली होती. नवऱ्यांच्या बाबतीतही हा नियम लागू असावा, असं त्यांच्या मनात आलं होतं, पण लग्नाला आठवडाच झाला होता.

पुढच्या वर्षांमध्ये बाकीचे नियमही आले. पेटलेला बॉयलर सोडून कधी उठायचं नाही, जायचंच झालं तर आपल्या जागी जाणता माणूस बसवूनच जायचं. आत पाणी संपलं आणि बॉयलर तापलेला असला, तर घाबरून गार पाणी ओतायचं नाही. आधी आग बंद, मग बाकीचं सावकाश. आणि दादांचा सगळ्यात लाडका नियम, जो ते कोणत्याही विषयावर आणून टेकवत: "दाब बरोबर आहे म्हणून पाणी बरोबर आहे असं समजणारा माणूस एक दिवस छपरासकट उडतो." हे वाक्य त्यांनी भाच्याच्या साखरपुड्यात, शेजाऱ्यांच्या गृहप्रवेशात आणि एका शोकसभेतही ऐकवलं होतं.

तर असा हा जाणता माणूस. एका रविवारी त्याला माळ्यावरची ट्रंक काढायची हुक्की आली. वहिनी म्हणाल्या, "थांबा, मी स्टूल धरते." दादा म्हणाले, "बावीस वर्षं शिडीवर चढतोय मी." पुढचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते खाली होते. कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं, खोक पडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तास-दोन तास ते गप्प बसून होते. दादा गप्प बसले हीच खरं तर इस्पितळात नेण्याजोगी गोष्ट होती, पण वहिनींनी ती शांतता म्हणून उपभोगली. पुढे याबद्दल त्यांनी स्वतःला कितीदा तरी बोल लावला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खोकेला तीन टाके घातले. "कसं लागलं?" असं विचारल्यावर दादा म्हणाले, "दाराला धडकलो." स्टुलावरून पडलो हे सांगणं शिडीवाल्या माणसाला शोभत नव्हतं. ज्या बॉयलरची झडप जरा फुरफुरली तरी वेळ टाकून वहीत नोंद होते, त्या बॉयलरवाल्याने स्वतःच्या डोक्याची नोंद मात्र दाराच्या नावावर टाकली.

चार-पाच दिवसांनी तहान सुरू झाली.

साधी तहान नव्हे. दादांना गार पाणी कधीच आवडलं नव्हतं. गरम धातूला गार पाणी लागलं की तडा जातो, मग माणसाला का जाणार नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. तेच दादा आता फ्रिजचं दार उघडून उभ्या उभ्या बाटली रिकामी करू लागले. एक संपली की दुसरी. बर्फाचे खडे तोंडात धरू लागले. आणि जितकं आत जाई तितकंच बाहेर येई. अर्ध्या तासाने एकदा बाथरूम. जेवताना उठणं, बातम्या बघताना उठणं, झोपेतून चार-चार वेळा उठणं. लघवीला ना रंग, ना वास. नळाच्या पाण्यापासून वेगळी ओळखता येऊ नये अशी.

वहिनी बघत होत्या. बोलणाऱ्या माणसाच्या घरात एकाला बघावंच लागतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा ओढायला सुरुवात केली. बाटलीला उभी रेघ, बाथरूमला आडवी. तिसऱ्या दिवशी तारखेच्या चौकोनात जागा उरली नाही. बाटली लिटरची होती, आणि उभ्या रेघा अकरा.

"अहो, अकरा लिटर म्हणजे म्हशीचं पिणं झालं. डॉक्टरांना दाखवा."

"उन्हाळा आहे."

"उन्हाळा मलाही आहे. मी दोन लिटर पिते."

"तू बॉयलरसमोर बसत नाहीस."

हा मुद्दा बिनतोड होता, फक्त त्या आठवड्यात बॉयलरसमोर तेही बसत नव्हते. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून, उघडून, आतला क्षार खरवडून इन्स्पेक्टरला दाखवावा लागतो. तसा तो उघडून ठेवलेला होता. शुक्रवारी तपासणी आणि लगेच आग पेटवणं. त्याआधी गुरुवारी लाँड्रीच्या डॉक्टरांकडून दादांच्या फिटनेसचा दाखला. दाखला मिळाला नाही तर खुर्ची वायरमनची. लाँड्रीच्या त्या वायरमनने नुकतीच बॉयलरची परीक्षा दिली होती, पासही झाला होता, आणि वर पेढे वाटताना "दादा, तुमचेच आशीर्वाद" असंही म्हणाला होता. दादांना त्या पेढ्याने दोन दिवस ढेकर आले होते.

खरी गोम इथे होती. दाखला देणारे डॉक्टर एकच प्रश्न हटकून विचारत: आठ तास जागा न सोडता बसू शकता ना? आणि दादा अर्धा तास बसू शकत नव्हते. पेटलेला बॉयलर सोडून उठायचं नाही, हा नियम त्यांनीच तीन पिढ्यांच्या कामगारांना घोटून घोटून शिकवला होता. तो आता त्यांच्याच मानगुटीवर बसला होता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली. साखर नव्हती.

"मधुमेह नाही, अभिनंदन!" डॉक्टर म्हणाले. "सवय लागते कधीकधी. पाणी जरा बेताने प्या."

अभिनंदन घेऊन दादा घरी आले. पडल्याचं त्यांनी याही वेळी सांगितलं नाही. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "स्टुलावरून पडणं हा काय लघवीचा आजार आहे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं होईल!" म्हण अगदी चपखल होती. रेडा कोण आणि पखाल कोणती, एवढंच उलटं होतं.

मग दादांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आक्कांना वैद्यकातलं सगळं येत असे, कारण त्यांना स्वतःला एकूण सात आजार होते.

"अगं, तो पितो म्हणून जातं," आक्का वहिनींना म्हणाल्या. "तू पाणी तोड. नळ बंद केला की मोरी आपोआप कोरडी होते."

"पण आक्का, आधी नळ सुरू झाला की आधी मोरी वाहायला लागली, तेच कळत नाहीये. पाणी नाही प्यायलं तरी यांना जावंच लागतं. काल बँकेच्या रांगेत तीन तास काही प्यायले नव्हते, तरी दोनदा पळाले."

"एवढी शिकलीस, आणि नळ आणि मोरी कळत नाही तुला?"

दादांनी फोन हातात घेतला, बहिणीचं म्हणणं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "फीड बंद!" ते म्हणाले. बॉयलरमध्ये पाणी घालणाऱ्या पंपाला ते फीड म्हणत. "आत जाणारं बंद केलं की बाहेर जाणारं बंद. बॉयलरही बंद आहे, मीही बंद. दोघांची वार्षिक दुरुस्ती एकदम."

"बॉयलर थंड आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही चालू आहात."

पण हे वाक्य कुणी वहीत लिहून घेतलं नाही.

सोमवारी दादांनी पाण्याचे चार पेले मोजून ठेवले आणि बाटल्या वहिनींच्या ताब्यात दिल्या, "मागितल्या तरी देऊ नकोस" अशा तंबीसह. दुपारी त्यांनी मागितल्या. वहिनी द्यायला उठल्या, तर ओरडले, "द्यायच्या नाहीत असं ठरलंय ना!" संध्याकाळी ओठ पांढुरके झाले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती, आणि बाथरूमची फेरी मात्र चालूच. थोडी कमी झाली, तर दादा लगेच म्हणाले, "बघ! लागू पडतंय."

वहिनींनी त्या दिवशीच्या रेघा पाहिल्या. चार उभ्या, त्याही आता पेल्यांच्या, आणि चौदा आडव्या. इतकी साधी वजाबाकी त्यांना कधी एवढी टोचली नव्हती.

मंगळवारी त्या नवऱ्याला ओढून पुन्हा कोपऱ्यावर घेऊन गेल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या दिवशी तापवाल्यांची गर्दी. त्यांनी दादांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. "एकशे अठरा, ऐंशी. फर्स्ट क्लास. नाडी जरा जलद आहे, टेन्शन घेऊ नका."

बस्स. दादांना आता कुणाच्या बापाचं ऐकायची गरज उरली नाही. घरी येईपर्यंत त्यांनी एकशे अठरा-ऐंशी हा आकडा पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि जिन्यात भेटलेल्या पोस्टमनला सांगितला. आवाज घोगरा झाला होता, तरी सांगितला.

"प्रेशर बघ माझं! या वयात! आणि तू इथे रेघा ओढत बसलीयेस."

आकडा वहिनींना कुठेतरी खटकत होता, पण कुठे ते हाती येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात बरोबर, यंत्र म्हणतं बरोबर, नवरा तर जन्मल्यापासून स्वतःला बरोबर म्हणतच आलाय. मग आपल्यालाच का पटत नाहीये?

बुधवारी सकाळी त्या चहा घेऊन बाहेर आल्या, तर दादा भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे होते. काचेवर बोटाच्या पेराने टकटक करत होते. एकदा, दोनदा. अडकलेला काटा मोकळा करायला बॉयलरवाले टिचकी मारतात, तशी.

"काय करताय?"

"बरोबर आहे," दादा म्हणाले. जीभ जड होती. "दाब... बरोबर आहे."

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याच क्षणी वहिनींना कालपासून काय खटकत होतं ते कळलं. दाब बरोबर आहे म्हणून पाणी बरोबर आहे असं समजणारा माणूस. सगळा जन्म ज्या वाक्याने त्यांचं डोकं उठवलं होतं, साखरपुड्यात ज्याच्यामुळे त्यांनी मान खाली घातली होती, ते वाक्य शेवटी एकदाचं कामाला आलं. डॉक्टरांनी दाब मोजला होता. पाणी कुणीच मोजलं नव्हतं. पाणी मोजलं होतं ते फक्त स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरने.

त्यांनी तांब्या भरला. दादांच्या तोंडाला लावणार, तेवढ्यात थबकल्या. तापलेल्या रिकाम्या बॉयलरला गार पाणी ओतायचं नाही. माणसाचं तसंच असतं की नसतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण आता त्या नवऱ्याच्या नियमांवरच चालल्या होत्या. दुसरं शास्त्र हाताशी नव्हतं. घोट घोट पाणी पाजलं, भिंतीवरून कॅलेंडर उतरवलं, खाली टॅक्सी थांबवली. दादा टॅक्सीत बसायला तयार नव्हते. उद्या दाखला आहे, म्हणत होते. वहिनींनी सांगितलं, "दाखल्यालाच चाललोय." बावीस वर्षांत नवऱ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. निदान मोठं तरी पहिलंच.

मोठ्या इस्पितळात तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने आधी तेच विचारलं, मधुमेह आहे का, प्रेशर आहे का. वहिनींनी टेबलावर कॅलेंडर उलगडून ठेवलं.

"ही उभी रेघ म्हणजे लिटर. ही आडवी म्हणजे बाथरूम. इथे रविवारी हे स्टुलावरून डोक्यावर पडले. दाराला धडकले नाहीत. इथून तहान. आणि इथे यांनी स्वतः पाणी तोडलं, इथल्या उभ्या रेघा नुसत्या पेल्यांच्या."

डॉक्टर तरुण असला तरी बरा होता. त्याने कॅलेंडर एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि रक्तातलं मीठ तपासायला पाठवलं. मीठ एकशे पंचेचाळीसच्या आत असायला हवं. दादांचं एकशे बासष्ट निघालं. त्यांना पुन्हा स्टुलावर चढायची गरजच नव्हती. आकडा चढला होता. तासाभरात ते वरच्या मजल्यावर खाटेवर होते, हाताला सलाईन, आणि ग्रंथींच्या डॉक्टरीणबाई समोर.

बाई दादांच्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सलाईनचा थेंब न थेंब बारीक करून ठेवला आणि नर्सला बजावलं, "मीठ दिवसाला आठ-दहाने उतरवायचं, जास्त घाई नाही. एकदम पाणी गेलं तर मेंदूला सूज येईल."

खाटेवरून घोगरा आवाज आला. "गरम बॉयलरला... गार पाणी नाही."

डॉक्टरीणबाईंनी वहिनींकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

"तुमचं बरोबर आहे असं म्हणतायत," वहिनी म्हणाल्या. "असं ते सहसा कुणाला म्हणत नाहीत."

दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी दाखला मिळायचा होता त्या दिवशी, दादा उशीला टेकून बसले आणि त्यांनी पहिली तक्रार नोंदवली. "ही चादर आमच्याकडची आहे. इस्त्री कच्ची आहे. वायरमनचं काम." बॉयलर अजून पेटलाही नव्हता, पण शुद्धीवर आल्याची ती खूण होती, म्हणून वहिनींनी वाद घातला नाही. डोळे मात्र पुसले, नवरा खिडकीकडे बघत असताना.

डॉक्टरीणबाई डोक्याचा फोटो घेऊन आल्या. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, आणि तिच्या वर मेंदूचा एक बदामाएवढा तुकडा. तो दिवसरात्र रक्ताची चव घेत असतो, असं त्यांनी सांगितलं. रक्त जरा खारट झालं की तो वाटाण्यातून एक रस सोडतो, रस मूत्रपिंडाला निरोप देतो, पाणी राखून ठेवा, आणि मूत्रपिंड लघवी घट्ट करतं. दादा पडले तेव्हा त्या दोघांमधला बारीक दांडा हिसकला गेला होता. रस सुटत नव्हता. निरोप नाही, म्हणून मूत्रपिंडं दिसेल ते पाणी सोडून देत होती.

"म्हणजे फीड कंट्रोलर," दादा म्हणाले.

"काय?"

"बॉयलरमध्ये असतो. पाणी कमी झालं की आपोआप पंप सुरू करतो. कधीकधी अडकतो."

"मग तोच म्हणा. तुमचा अडकलाय."

"पण बाई," दादांनी ओठ ओले केले. ते आता वाद घालण्याइतके बरे झाले होते. "माझा दाब बरोबर होता. एकशे अठरा-ऐंशी. पाणी एवढं कमी असतं तर दाब उतरला असता ना?"

"दाब मेंदूला जिवापाड प्यारा. तो सांभाळायला त्याने दुसरी माणसं कामाला लावली. मूत्रपिंडातून एक रस, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून दोन, वर नाडी जलद. रक्तवाहिन्या आवळून आवळून तुमचा आकडा सुंदर ठेवला. आणखी थोडा वेळ गेला असता तर तोही धाडकन कोसळला असता. बॉयलरमध्ये असं होत नाही का?"

होतं. पाणी तळाला जातं आणि काटा आपला जागच्या जागी असतो. हे दादांनी किती लोकांना सांगितलं होतं, याची मोजदाद नव्हती. ते खिडकीकडे बघू लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. यातलं कोरडं एवढं शब्दशः निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पण हार मानणं रक्तात नव्हतं, मग त्यात मीठ कितीही असो. "कंट्रोलर बंद पडला तर पडला," ते पुटपुटले. "निदान अलार्म तरी वाजायला हवा. आमच्याकडे वाजतो. पाणी खाली गेलं की शिट्टी. निसर्गाने एवढी साधी सोय..."

"वाजला की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा दिवस वाजत होता. तहान म्हणजे दुसरं काय असतं? कंट्रोलर मोडला तरी तुम्ही अलार्मवर पाणी पीत होतात, म्हणून ठीक होतात. मग तुम्ही अलार्मची वायर तोडलीत."

नर्स सलाईनकडे बघू लागली. वहिनी कॅलेंडरची गुंडाळी करू लागल्या, जी आधीच केलेली होती. बॉयलरच्या अलार्मची वायर तोडणाऱ्या माणसाला काय म्हणतात, हे दादांनी लाँड्रीत एकदा एका कामगाराला जाहीरपणे सांगितलं होतं. तो शब्द इथे छापता येणार नाही.

दुपारी नाकात एक फवारा मारला. तोच रस, कारखान्यात बनवलेला. दोन तासांनी नर्स भांडं घेऊन आली, त्यात लघवी थोडीशी आणि पिवळी. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली आणि हसल्या. वहिनीही हसल्या. आजवर कुणी केलं नसेल एवढं कौतुक त्या दिवशी पिवळ्या रंगाचं झालं. रात्री दादा सलग सहा तास झोपले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फवारा चालू असताना आता सवयीने बाटल्या रिचवायच्या नाहीत. पाणी आत अडकून राहील, आणि मीठ उलट फार उतरेल. तेही तितकंच वाईट. रोज पुढचा फवारा मारायच्या आधी थोडी मोकळी लघवी होऊ द्यायची, मगच मारायचा. तहानेला विचारून प्यायचं. आणि वजन रोज लिहायचं. कोण लिहील?"

"मी लिहीन," दादा म्हणाले.

"ह्या लिहितील," डॉक्टरीणबाई वहिनींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

बॉयलर दादांशिवाय पेटला. वायरमनने पेटवला, आणि दीड महिना वाफ कुठे कमी पडली नाही. ही बातमी दादांपर्यंत कुणी पोचू दिली नाही; वायरमननेच फोन करून कळवली. "दादा, तुमचेच आशीर्वाद," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "उजव्या काचेचा नळ जरा कण्हतोय. तो कसा उघडायचा, तुम्ही असता तर..." दादांनी त्याला पंचवीस मिनिटं सांगितलं. फोन ठेवला तेव्हा त्यांचं तोंड कोरडं पडलं होतं, पण बोलून बोलून. वहिनींनी पेला पुढे केला. ते निमूट प्यायले.

दोन महिन्यांनी लाँड्रीच्या डॉक्टरांनी दाखला दिला. रोगी औषधावर नीट आहे, जागेवर बसू शकतो, फक्त अट एक: पेटलेल्या बॉयलरवर दुसरा परवानेवाला माणूस कायम हाताशी असावा. दुसरा परवानेवाला माणूस म्हणजे कोण हे सांगायला नको. खोलीत आता दोन खुर्च्या आहेत. दादांची लोखंडी, वायरमनची प्लास्टिकची. दादा त्याला दिवसभर शिकवतात. तो ऐकतो, मध्येच एखादी गोष्ट दादांना माहीत नसलेली सांगतो, आणि दादा "ते आम्हाला ठाऊकच होतं" म्हणतात. इस्त्रीखात्यातल्या बायकांच्या मते वाफ कधी नव्हे ती बरी येते.

आजाराची हकीकतही दादांनी आता दुरुस्त करून घेतली आहे. ती अशी, की इस्पितळातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना काही सुधरत नव्हतं, तेव्हा दादांनी खाटेवरून बॉयलरचा नियम सांगितला, गरमवर गार नाही, आणि त्याप्रमाणे पाणी सावकाश चढवलं म्हणून ते वाचले. स्टूल या हकीकतीत नाही. चार पेलेही नाहीत. कॅलेंडर तर नाहीच. आक्का ती हकीकत फोनवरून पुढे पोचवतात, आणि त्यांच्या आवृत्तीत डॉक्टर दादांच्या पाया पडतात.

परवा पाहुण्यांसमोर हे सगळं सांगून झालं. पाहुणे थक्क होऊन निघून गेले. दादा आरामात खुर्चीत टेकले. आतून वहिनींचा आवाज आला.

"अहो, आज पाणी किती झालं?"

"अगं, एकशे वीस-ऐंशी! सकाळीच मोजलं लाँड्रीत."

"दाब नाही विचारला. पाणी विचारलं."

खुर्ची करकरली. प्रेशरदादा उठले, स्वयंपाकघरात आले, आणि कॅलेंडरसमोर उभे राहून, तारखेच्या चौकोनातल्या वहिनींच्या रेघा बोटाने मोजू लागले.

"पाच पेले," ते म्हणाले. "आणि जेवताना अर्धा पेला, तो तू धरला नाहीस."

"धरलाय. बारीक रेघ आहे, कोपऱ्यात बघा."

दादांनी चष्मा वर सरकवून कोपऱ्यात बघितलं. होती.